मागच्या प्लॉटच्या हरकतपत्रात ‘सर्व सभासद’ लिहू नका

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती,
आपली गृहनिर्माण सोसायटी, हिंदू कॉलनी, दादर (पूर्व)

विषय: मागच्या प्लॉटच्या आरक्षण बदलावर महापालिकेला पाठवायचे हरकतपत्र

स. न. वि. वि.

मागच्या प्लॉटचं आरक्षण बदलून तिथे विक्रीच्या इमारतीबरोबर छोटी, परवडणारी घरं बांधायचा प्रस्ताव आहे. त्याविरुद्धच्या हरकतपत्राचा मसुदा रविवारी रात्री ग्रुपवर पडला आणि खाली भराभर अंगठे उमटले. मी अंगठा दिला नाही, म्हणून हे पत्र.

मसुद्यात ‘सर्व सभासदांचा तीव्र विरोध’ असं लिहिलंय. सर्व सभासदांना विचारलं कधी? विशेष सर्वसाधारण सभेला पाच दिवसांची नोटीस पुरते आणि नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली हरकती-सूचनांसाठी महिनाभर मिळतो. मग घाई कसली? गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी आपण तीन सभा घेतल्या, त्यातली एक तर चहा कुणाकडून मागवायचा यावरच मोडली!

पाणी आणि पार्किंगचे मुद्दे मला मान्य आहेत. मे महिन्यात टाकी अर्धीच भरते, हे मी गच्चीवर जाऊन बघतो. पार्किंगचं मात्र जरा जपून लिहा. २४ सदनिकांच्या आपल्या ४० गाड्या, त्यातल्या निम्म्या त्याच प्लॉटच्या भिंतीला लावलेल्या. एक माझीही.

चौथा परिच्छेद मात्र काढाच. ‘परिसराचा दर्जा खालावेल, बाहेरच्या लोकांची वर्दळ वाढेल.’ बाहेरचे म्हणजे कोण हो? १८९६ ला मुंबईत प्लेग आला, १८९८ साली शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्या ट्रस्टने दादर-माटुंग्याची शेतं ताब्यात घेऊन प्लॉट पाडले, तेव्हा कुठे ही कॉलनी वसली. माझे आजोबा गिरगावातल्या चाळीच्या एका खोलीतून इथे भाड्याने आले, कारकुनाच्या पगारावर. इथे भात लावणाऱ्यांच्या लेखी तेव्हा बाहेरचे आपणच होतो.

आणि आजचं बघा. माझ्या मुलीचा म्हाडाच्या लॉटरीचा फॉर्म मीच भरला, अल्प उत्पन्न गटातला. नंबर लागला नाही. ती बदलापूरला राहते. गणपतीला येते तेव्हा एक डोळा घड्याळावर ठेवून जेवते, मोदक डब्यात घेऊन जाते. आपल्याच बिल्डिंगमधल्या आणखी दोघांनी फॉर्म भरले होते, हे त्यांच्या आईवडिलांनी मला जिन्यात हळू आवाजात सांगितलं. ग्रुपवर त्यांचेही अंगठे आहेत. आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना तिथलं घर परवडेल, अशा भ्रमात मी नाही. पण आपल्या पोरांना कदाचित परवडेल.

मला काळजी आहे ती वेगळीच. ही घरं कागदावर येतील आणि बांधकाम सुरू झालं की गळतील. गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं ते आपण इथून पायी जाण्याच्या अंतरावर पाहिलंय. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीच्या जागेचा एक तृतीयांश म्हाडाच्या घरांना आणि एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी पालिकेला मिळायचा होता. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी उरली ती फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची. २००६ साली सुप्रीम कोर्टातही तो बदल टिकला. उरलेल्या जमिनीवर काय उभं राहिलं, ते परळच्या पुलावरून दिसतंच.

तेव्हा पत्र जरूर पाठवा, पण ‘घरं नकोत’ म्हणून नाही. छोट्या घरांची संख्या मंजुरीच्या आदेशातच आकड्यात लिहा, असं मागा. दोन घरं जोडून एक करायला मनाई मागा. विक्रीच्या इमारतीला वापर परवाना मिळण्याआधी छोट्या घरांचा ताबा दिलेला असावा, हेही मागा. आणि पाया खणण्याआधी आपल्या गल्लीतली पाण्याची लाइन मोठी करा, ही अट सगळ्यात वर घाला, त्याबद्दल कुणाचंच दुमत नसेल.

येत्या रविवारी सभा लावावी. बहुमताने विरोधाचा ठराव झाला तर मी तो मानीन, फक्त माझं मत इतिवृत्तात नोंदवून घ्यावं. सभा न घेताच पत्र जाणार असेल, तर ‘सदनिका क्र. ११ वगळून’ एवढे शब्द त्यात घालावेत.

खुर्च्या मांडायला मी अर्धा तास आधी खाली येतो.

आपला,
सभासद, सदनिका क्र. ११