विहीर उपसून पेट्रोल जात नाही

मा. संपादक,
स.न.

अमक्या गावात विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास येतोय, जवळच्या पंपाची जमिनीतली टाकी लीक आहे, अशी बातमी अधूनमधून कुठून ना कुठून येते आणि पुढचं सगळं ठरलेलं असतं, पंचनामा होतो, टँकर लावून विहीर उपसतात, वास कमी झाला की विषय संपला. ऑइल डेपोच्या कामांवर कॉन्ट्रॅक्टरकडे बरीच वर्षं काढलीयेत म्हणून सांगतो, त्या उपशाने काम बिघडायचीच शक्यता जास्त.

पेट्रोल पाण्यावर तरंगतं हे सगळ्यांना माहितीये, पण विहिरीत दिसतं ते थोडंच, बाकीचं मुरमाला चिकटलेलं आणि खडकाच्या भेगांत बसलेलं असतं, काही वाफ होऊन मातीत फिरतं, आणि त्यातलं बेंझिन, ज्याने रक्ताचा कॅन्सर होतो, ते पाण्यात विरघळून पुढे सरकतं. विहीर जोरात उपसली की पाणीपातळी खाली जाते, तिच्यासोबत पेट्रोलही उतरतं आणि आधी स्वच्छ असलेल्या थराला फासलं जातं. मग पावसाळ्यात पातळी चढली की ते पाण्याखाली अडकतं आणि पुढच्या उन्हाळ्यात परत वास. त्यात आपला काळा दगड बेभरवशाचा, पंपाला लागून असलेली विहीर कोरी निघते आणि दोन शेतं सोडून तिसऱ्याची नासते.

यावर उपाय आहे तो व्हॅक्यूम गाडीचा. पंपाच्या आसपास चार-सहा बोअर मारायचे, तोंडं सील करायची, आत बारीक पाइप पाण्याच्या पातळीपर्यंत सोडायचा आणि ट्रकवरच्या व्हॅक्यूम पंपाने ओढायचं. पेट्रोल, पाणी, मातीतली वाफ सगळं एकत्र वर येतं, गाडीवरच्या टाकीत वेगळं होतं, वाफ ॲक्टिव्हेटेड कार्बनमधून (वाफ शोषून घेणारा खास कोळसा) सोडतात नाहीतर जाळतात. नुसत्या व्हॅक्यूमने पाणी जेमतेम सात-आठ मीटर चढतं, पण बारीक पाइपात हवा जोरात असली की थेंब सोबत ओढले जातात म्हणून थोडं जास्त खोलवरूनही निघतं. नगरपालिकेची मैला उपसायची गाडी मात्र कोणी चुकूनही लावू नका, ती पेट्रोलच्या वाफेसाठी बनवलेली नाही, एक ठिणगी पुरे.

सगळीकडे चालतं असंही नाही. चिकण काळ्या मातीतून हवाच नीट ओढली जात नाही, डिझेल सहज वाफ होत नाही, आणि पाणी तीस-चाळीस मीटरवर गेलेलं असेल तर दुसरं काहीतरी बघावं लागतं. पण गळती ताजी, पेट्रोलची आणि पाणी उथळ असेल तर पहिल्या काही दिवसांत जेवढं निघेल तेवढं नंतर वर्षभर सफाईचा प्लँट बसवूनही निघत नाही.

आणि घोडं नेमकं इथेच अडतंय. केंद्राने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांचे नियम काढले, चांगलं केलं, पण त्यात प्राथमिक तपासणीलाच ९० दिवस आहेत, म्हणजे अख्खा पावसाळा गेला की! अमेरिकेने १९८६ मध्येच गळक्या टाक्यांसाठी फंड काढला, इंधनाच्या दर गॅलनमागे सेंटचा दहावा भाग कर लावून. आपल्याकडे सहा महसूल विभाग आहेत, विभागाला एक अशा सहा गाड्या ऑइल कंपन्यांनी मिळून उभ्या कराव्यात, ताबा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यावा, तपासणी तिकडे चालू राहू दे, गाडी दोन दिवसांत पोचली पाहिजे.

फक्त गाडी आली, फोटो निघाले, गाडी गेली असं नको, कारण पहिल्या फेरीनंतर भेगांतलं पेट्रोल झिरपून परत बोअरमध्ये येतंच. महिन्याने आणि मग पावसाळ्यानंतर पाणी तपासून आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा आणि कॉन्ट्रॅक्टरचं बिल किती फेऱ्या मारल्या यावर नाही, त्या आकड्यांवर काढा.

आपला,
एक वाचक, नाशिक