खाऱ्या पाण्याची छोटी टाकी सोलापुरात होते, फक्त मासा शेवटी घ्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही टेबलावर मावणाऱ्या समुद्री टाकीचा लेख छापला होता, एका फुटाच्या काचेत प्रवाळ, कोळंबी, रंगीत मासे वगैरे. लेख चांगला होता, फोटो तर लई भारी. माझा जारच्या पाण्याचा धंदा आहे, आणि सोमवारपासून जार टाकायला जाणाऱ्या पोरांना गिऱ्हाइकं विचारायला लागलीत, हे पाणी त्या टाकीला चालतंय का ओ. मी घरी अशी टाकी बरीच वर्षं ठेवतोय, म्हणून म्हटलं प्रत्येकाला दारात उभं राहून सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं.

लेखात म्हटलंय की टाकी लहान असल्यामुळे नवीन माणसालाही सोपी जाते. हे बरोबर उलटं आहे बघा. लहान टाकी जागेला सोपी, खिशाला सोपी, पण सांभाळायला मोठीपेक्षा अवघड, कारण पाणीच थोडं असतं आणि थोड्या पाण्यात कुठलीही गोष्ट बिघडायला वेळ लागत नाही. हिशोब करून बघा. समुद्राच्या पाण्यात एका लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. टाकीतलं पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मात्र तिथंच राहतं. २५ लिटरच्या टाकीतनं लिटरभर उडालं की ३५ चं साडेछत्तीस होतं, आणि तुम्ही तीन दिवस लग्नाला पंढरपूरला जाऊन आलात अन् तीन लिटर कमी झालं तर जवळजवळ ४०. तेवढंच तीन लिटर २०० लिटरच्या टाकीतनं गेलं तर ३५ चं साडेपस्तीस, म्हणजे मासोळीला पत्ताही लागणार नाही. म्हणून रोज कमी झालेलं पाणी भरायचं, आणि ते गोडं पाणी भरायचं, खारं नाही. खारं भरलं की मीठ वाढतच जातं, हे ऐकायला साधं आहे पण गोंधळ नेमका इथंच होतो.

आता पाण्याचं, जे मला विचारलं जातंय. नळाचं पाणी नको. आपल्याकडं ते काही दिवसाआड येतं, तेही क्लोरीन मारून, मग टाकीत साठवलेलं, आणि त्यात जे काही विरघळलेलं असतं त्यातलं सिलिकेट, फॉस्फेट शेवाळाला खाद्य आणि पितळी नळातनं तांब्याचा अंश आला तर कोळंबी-शंखांना विष. बोअरचं तर बोलायलाच नको, भांड्यावर पांढरा थर कशाचा बसतो ते सगळ्यांना माहीत आहे. मग जारचं चालेल का? तर तसंच नाही चालत. पिण्याच्या जारमध्ये आम्ही लोक आरओ झाल्यावर थोडं साधं पाणी मिसळून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मुद्दाम वर आणतो, नाहीतर पाणी जिभेला सपक लागतं आणि गिऱ्हाईक तक्रार करतं. टाकीला ते मिसळायच्या आधीचं पाणी पाहिजे, आणि ते पण पुढं डीआय रेझिनच्या (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांच्या) नळीतनं काढलेलं, म्हणजे टीडीएस मीटर शून्याच्या आसपास दाखवतो. तुमच्या जारवाल्याला नीट सांगितलं तर मिसळायच्या आधीचं पाणी तो भरून देईल, त्याच्यासाठी काही वेगळं काम नाही ते. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटरही कॅनमध्ये मिळतं, पण मीटर लावल्याशिवाय घेऊ नका, लेबलावर काय लिहिलंय ते सोडा.

त्या पाण्यात मीठ घालायचं म्हणजे किराणा दुकानातलं खडेमीठ नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट असं बरंच काही ठराविक प्रमाणात असतं, आणि मत्स्यालयाचं सिंथेटिक मीठ त्या प्रमाणात बनवलेलं असतं. २५ लिटरला साधारण ९०० ग्रॅम लागतं. बादलीत आधी पाणी, मग मीठ, आत एक छोटा पंप सोडून दिवसभर फिरू द्यायचं, मग रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे खारटपणा मोजायच्या दुर्बिणीसारख्या यंत्राने, बघायचं, घनता १.०२५ किंवा १.०२६ आली पाहिजे. अंदाजाने वाटी मोजून घालणाऱ्यांनी हा नाद करू नये. आणि कोणीतरी म्हणतं रत्नागिरीला जाऊ तेव्हा कॅन भरून आणू, तर काठावरचं पाणी स्वच्छ असेलच याची खात्री नाही, शिवाय त्यातले बारीक जीव बंद कॅनमध्ये घरी येईपर्यंत मरून पाणी कुजवतात. राहू द्या.

मग आपला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ असतं आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत संध्याकाळीही भट्टी असते. प्रवाळाला २५-२६ अंश आवडतं, ३० च्या वर बरेच दिवस राहिलं की त्याच्या अंगात राहणारी सूक्ष्म शेवाळं, जी त्याला अन्न बनवून देतात आणि रंगही देतात, ती बाहेर टाकली जातात आणि प्रवाळ पांढरं पडतं. हेच समुद्रात झालं की त्याला ब्लीचिंग म्हणतात, २०२४ च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपला मोठ्या प्रमाणात झालं. लोक लगेच म्हणतात मग चिलर, म्हणजे पाणी गार करायचं मशिन, लागणार, आणि चिलर टाकीपेक्षा महाग. पण इथं सोलापूरचा कोरडा उन्हाळा आपल्या बाजूने आहे. पाण्यावर तिरका एक छोटा पंखा लावा, कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखासुद्धा चालतो, आणि माठ जसा गार होतो तसं पाणी वाफ होत होत खाली येतं. खोलीत ३६ असताना टाकी २७-२८ ला थांबवता येते. मुंबईच्या दमट हवेत हा पंखा अर्धाही उपयोगाचा नाही, त्यामुळे तिकडच्या माणसाने पंखा कामाचा नाही म्हटलं तर घाबरू नका. उलट जूनमध्ये ढग आले की आपल्याकडंही पंख्याचा जोर कमी होतो, तेव्हा टाकीवरचा लाइट दोन तास कमी ठेवायचा. पंखा लावला की पाणी मात्र भराभर उडतं, म्हणजे परत वरचा मिठाचा हिशोब, दोन्ही गोष्टी एकमेकात अडकलेल्या आहेत.

लाइट गेल्यावर काय, हे लेखात नव्हतंच. वेव्हमेकर, म्हणजे टाकीत लाटा करणारा छोटा पंप, बंद पडला की पाणी फिरत नाही, गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी मावतो, आणि एवढ्याशा टाकीत काही तासांत गुदमरायला होतं. बॅटरीवरचा हवेचा पंप घेऊन ठेवा, किंवा वेव्हमेकर आणि पंखा इन्व्हर्टरवर घ्या. दोन्ही मिळून वीज अगदी थोडी खातात. इन्व्हर्टरवर टीव्ही नंतर.

आता मुख्य. दुकानात जो तो आधी मासा बघतो, मग माशासाठी टाकी घेतो, मग टाकीसाठी पाणी. पण टाकीत पहिला महिना-दीड महिना जिवंत काही घालायचं नसतं. नुसते दगड, वाळू, खारं पाणी, आणि कच्च्या कोळंबीचा एक बारका तुकडा. तो तुकडा कुजतो, त्यातनं अमोनिया तयार होतो, अमोनिया खाणारे जिवाणू दगडावर वाढतात आणि त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्राइट खाणारे दुसरे वाढतात आणि त्याचं नायट्रेट करतात. पहिलं माशाला फार घातक, दुसरंही वाढू द्यायचं नाही, तिसरं थोडं असलं तर चालतं आणि पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू हाच खरा फिल्टर, मशिन नाही. टेस्ट किट आणा, बाटलीत टाकीचं पाणी घेऊन थेंब टाकायचे, सुरुवातीला अमोनियाचा रंग गडद हिरवा येतो, मग एक दिवस पोपटी, मग पिवळा, आणि अमोनिया-नायट्राइट दोन्ही शून्य दाखवायला लागले की टाकी तयार. मधल्या काळात दगड आणि वाळूवर तपकिरी साय धरते, ती डायटम नावाची सूक्ष्म शेवाळं, घाबरून धुवायला काढू नका, आपोआप जाते. त्यानंतर हिरवं येतं. पोरं विचारतात यात काहीच नाही तर रोज बघता काय. मासा नसलेल्या टाकीतही बघायला असतं ओ, पुढं पहिले शंख-प्रवाळ आले की त्यांच्याबरोबर बारीक जीवही येतात, आणि रात्री लाइट बंद करून काचेला टॉर्च लावली की मोहरीपेक्षा बारीक पांढरे ठिपके झटके देत पळताना दिसतात, कोपेपॉड ते, आणि ते दिसायला लागले की टाकी रुळली म्हणून समजा.

तुमच्या फोटोबद्दल एक तक्रार आहे, राग मानू नका. त्यात लांब बोटांसारखं डुलणारं जे प्रवाळ आहे ते टॉर्च कोरल, त्याच्या खाली दगडी सांगाडा असतो. असली सगळी दगडी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्या यादीत. काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल, सी फॅन आणि समुद्रघोडे पण. समुद्रातनं काढलेला प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा त्यातच येतो, म्हणून 'लाइव्ह रॉक' म्हणून कोणी पांढरे छिद्राचे तुकडे विकत असेल तर नको म्हणा, बनवलेला सिरॅमिकचा दगड घ्या, जिवाणू त्यावरही तसेच वाढतात. दुकानदार म्हणेल साहेब इम्पोर्टेड आहे. मग कागद दाखव म्हणावं. शोभेच्या टाकीपायी वनखात्याची भानगड कशाला मागं लावून घ्यायची.

आणि सांगाडा नसलेली मऊ प्रवाळंच छोट्या टाकीला बरी, चिवट असतात. मशरूम, हिरवं स्टार पॉलिप, झोअँथिड. झेनिया तर बघतच राहावी, तिचे हात कोणी न शिकवता सारखी उघडझाप करत असतात, आमच्याकडं पाहुणे टीव्ही सोडून तिच्यासमोर बसतात. झेनिया आणि स्टार पॉलिप मात्र पसरतात, त्यांना बाजूला एका सुट्या दगडावर ठेवा नाहीतर सगळी टाकी त्यांची. झोअँथिडला हातमोज्याशिवाय हात लावू नका, त्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं फार जहाल विष असतं, तो दगड घरात उकळणं किंवा ब्रशने घासणं तर अजिबात नाही, वाफेतनं माणसं दवाखान्यात गेलेली आहेत.

क्रम असा की आधी एक-दोन शंख आणि एखादा हर्मिट खेकडा, मग मऊ प्रवाळ, मग एखादी क्लीनर श्रिंप, म्हणजे माशांचं अंग साफ करणारी कोळंबी, आणि सगळ्यात शेवटी मासा. मासा म्हणजे २५ लिटरला एक, दोन इंचाच्या आतला गोबी वगैरे. गोबी उडी मारतो म्हणून वर खिडकीच्या मच्छरजाळीचा तुकडा ताणून बसवायचा, काचेचं झाकण नको, नाहीतर पंख्याचा उपयोग संपला. निमोच्या पिक्चरमुळे सगळ्या पोरांना पाहिजे असतो तो केशरी क्लाउनफिश, त्याच्या जोडीला ४० लिटर तरी द्या, आणि हॅचरीतला घ्या, समुद्रातनं पकडलेला नको. आपल्या राज्यातच नवी मुंबईत ऐरोलीला सरकारी कांदळवन प्रतिष्ठानच्या केंद्रात त्याची पैदास झालेली आहे, म्हणजे समुद्रातनं ओरबाडायची गरज नाही. तो निळा मासा, ब्लू टँग, लेखात सुचवलाय तो कृपा करून कोणी घेऊ नका. दुकानात दोन इंचाचा असतो, पुढं फूटभर होतो, आणि एका फुटाच्या टाकीत फूटभर मासा कसा वळणार हे लिहिणाऱ्याने सांगावं.

आठवड्याला अडीच-तीन लिटर पाणी बदललं, खाणं चिमटीच्या निम्मं टाकलं, की बाकी फार काही नाही, स्किमर (फेसातनं घाण काढायचं मशिन) वगैरे एवढ्या टाकीला लागत नाही. एकच आणखी, शेंगाचटणीचा हात टाकीत घालायचा नाही हे सांगायला नको, पण मच्छरांच्या औषधाचं सांगायला पाहिजे. कोळंबी आणि डास दोघांनाही ते औषध सारखंच बाधतं. गल्लीत धुराची गाडी आली की खिडक्या लावा, टाकीवर ओला टॉवेल टाका आणि हवेचा पंप तेवढ्यापुरता बंद करा, कारण तो खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. टाकीच्या खोलीत लिक्विडची मशिन आणि स्प्रे कायमचं बंद.

तेव्हा साहेब, पुढच्या पुरवणीत ब्लू टँगची दुरुस्ती आणि त्या फोटोतलं प्रवाळ कायद्याने घरी ठेवता येत नाही एवढी चौकट छापलीत तर बरं होईल, दुकानात गर्दी वाढलीय असं ऐकतोय. आणि ज्यांना लावायचीच आहे त्यांनी मार्चमध्ये सुरू करू नका. दिवाळी झाल्यावर पाणी भरा, जानेवारीत गड्ड्याची यात्रा येईपर्यंत पहिले शंख सोडता येतील, आणि पंख्याची वेळ येईल तेव्हा टाकी चार-पाच महिन्यांची असेल.

आपला नेहमीचा वाचक,
एक जारवाला, जुळे सोलापूर