दोन औषधं फेल गेल्यावर पुढे काय, ते पण छापा

संपादक साहेब, नमस्कार.

परवाच्या आरोग्य पुरवणीत फिट येण्यावर अर्धं पान दिलंत त्याबद्दल आधी मनापासून आभार. चप्पल हुंगवू नका, हातात किल्ल्या कोंबू नका, दातात चमचा घालू नका, माणसाला कुशीवर वळवा, 5 मिनिटांच्या वर चाललं तर दवाखान्यात न्या, हे सगळं दरवर्षी छापलं तरी कमीच आहे. पण लेख 'गोळ्या नियमित घ्या' इथंच संपला. गोळ्या नियमित घेऊन पण ज्यांच्या फिट थांबत नाहीत त्यांनी काय करायचं यावर एक ओळ नाही, म्हणून लिहितेय.

माझ्या धाकट्या भावाला नवव्या वर्षापासून त्रास. सुरुवातीला ती फिट आहे हेच कुणाला कळलं नाही, कारण तो पडायचा नाही, तोंडाला फेस यायचा नाही, नुसतं पोटातून काहीतरी वर येतंय म्हणायचा आणि मग एकटक बघत बसायचा, तोंड चपचप हलवायचा, शर्टाची बटणं चाळवत राहायचा, दोन मिनिटात सगळं शांत आणि नंतर त्याला काहीच आठवायचं नाही. आजी म्हणायची बाहेरचं आहे, शाळेत म्हणायचे पोराचं लक्ष नाही, एका डॉक्टरांनी ॲसिडिटीचं औषध दिलं. अकराव्या वर्षी मोठी फिट आली तेव्हा निदान झालं. त्यानंतर 12 वर्षं गोळ्या, एक बदलली, दुसरी लावली, तिसरी वाढवली, चौथी जोडली, तो दिवसभर पेंगायचा आणि तरी आठवड्याला दोन-तीन फिट ठरलेल्या. बाथरूमची कडी आम्ही काढूनच टाकली होती. आणि या 12 वर्षांत आम्हाला एकानंही सांगितलं नाही की याच्यावर ऑपरेशन असू शकतं.

हे काही नवीन ज्ञान नाहीये हो! आपल्या देशात वेल्लोरला डॉ. जेकब चँडींनी 1952 मध्येच अपस्माराचं, म्हणजे या फिटच्या आजाराचं, ऑपरेशन केलं होतं, त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. राधाकृष्णन यांनी 1995 पासून रीतसर प्रोग्राम उभा केला, मुंबईत केईएम हॉस्पिटलमध्ये पण अशी ऑपरेशनं होतात. ग्लासगोच्या क्वान आणि ब्रॉडी या डॉक्टरांनी 2000 साली 470 नव्या पेशंटचा हिशोब मांडला, पहिल्या औषधानं 47 टक्के लोकांच्या फिट थांबल्या, दुसऱ्यानं आणखी 13 टक्के, आणि तिसऱ्यानं फक्त 1 टक्का. म्हणून 2010 पासून जगभर व्याख्याच अशी आहे की नीट निवडलेली दोन औषधं नीट डोसमध्ये देऊन फेल गेली की त्याला औषधांना न जुमानणारा अपस्मार म्हणायचं आणि पेशंटला मोठ्या सेंटरला पाठवायचं. भावाचं दुसरं औषध फेल गेलं तेव्हा तो तेरा वर्षांचा होता, ऑपरेशन झालं तेविसाव्या वर्षी.

दिल्लीच्या एम्समधल्या न्यूरोलॉजिस्ट डॉ. मंजरी त्रिपाठी आणि त्यांच्या टीमचा 2017 चा अभ्यास तर प्रत्येक आईबापाला माहीत पाहिजे. 18 वर्षापर्यंतची 116 मुलं, 57 जणांचं लगेच ऑपरेशन, 59 जण गोळ्यांवर आणि ऑपरेशनच्या वेटिंग लिस्टवर. वर्षानं बघितलं तर ऑपरेशनवाल्यांपैकी 77 टक्के मुलांना फिट नाही, गोळ्यांवाल्यांपैकी फक्त 7 टक्क्यांना नाही. धोका पण त्यांनी लपवलेला नाही, ऑपरेशन झालेल्यांपैकी 19 मुलांना गंभीर त्रास झाला, बऱ्याच जणांची एक बाजू कमजोर पडली, कारण काहींचं ऑपरेशनच मोठं असतं. पण मला ते वेटिंग लिस्टवरचे 59 जण वाचूनच कसंतरी झालं. आमचा भाऊ तर बारा वर्षं वेटिंगवरच होता, फक्त त्याचं नाव कुठल्या लिस्टमध्ये नव्हतं.

आधी तपासणी काय होते ते पण लोकांना सांगा, कारण भीती तिथंच असते. व्हिडिओ ईईजी म्हणजे डोक्याला पेस्ट लावून वीस-बावीस वायरी चिकटवतात, वरून पट्टी गुंडाळतात, कॅमेरा रात्रंदिवस चालू, आणि डॉक्टर स्वतःच्या देखरेखीखाली गोळ्या कमी करतात, फिट यावी म्हणून! घरी आम्ही फिट येऊ नये म्हणून नवस बोललेलो आणि तिथं आई फिट आली की दाबायचं बटण हातात धरून वाट बघत बसली की येऊ दे एकदाची. तिसऱ्या रात्री दोन वाजता आली आणि मेंदूतला करंट नेमका कुठून उठतो ते स्क्रीनवर दिसलं, उजव्या कानाच्या वरचा भाग. आधी दोनदा 'नॉर्मल' आलेला एमआरआय परत अपस्मारासाठी ठरलेल्या पद्धतीनं काढला तर त्याच बाजूचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणी साठवायला लागणारा भाग, आकसलेला दिसला. मामा म्हणत होते मेंदूला हात लावला तर पोराची आठवण जाईल, आणि ही भीती खोटी नाही, 1953 मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या पेशंटचा दोन्ही बाजूंचा तो भाग काढला आणि त्याला नंतर आयुष्यभर नवीन काही लक्षात राहिलं नाही. म्हणूनच आता दोन्ही बाजू काढत नाहीत आणि ऑपरेशनच्या आधी भाषेच्या, स्मरणाच्या टेस्ट घेतात, भावाच्या दोन दिवस चालल्या.

सगळ्यांचं ऑपरेशन होत नाही, काहींचा करंट एका जागी सापडत नाही, काहींची जागा बोलण्याच्या किंवा हातपायाच्या भागावर येते, ते मला मान्य आहे. पण होतं की नाही हे निदान तपासून तर बघा. भावाच्या ऑपरेशनला आता चार वर्षं झाली, फिट नाही, दोन गोळ्या अजून चालू आहेत.

तर विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत 'दोन औषधं फेल गेली तर' असा ठळक चौकोन टाका, आणि महाराष्ट्रात कुठल्या सरकारी हॉस्पिटलात व्हिडिओ ईईजी होतो, किती दिवस राहावं लागतं, कुठल्या योजनेत बसतं हे तुमच्या बातमीदारांना विचारायला लावून छापा. आमच्यासारख्यांना ते एका जागी कुठंच मिळत नाही.

आपली वाचक,
एक बहीण, बार्शी