तात्पुरता कायदा संपतो कधी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सरकारने एखादा कडक कायदा आणला की लगेच दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते हुकूमशाही आली, दुसरी म्हणते ज्याने काही केलंच नाही त्याने कशाला घाबरायचं, आणि या भांडणात कायद्यात नेमकं काय लिहिलंय ते कुणी वाचतच नाही. मला त्या दुसऱ्या वाक्याबद्दल लिहायचंय, कारण ते मी चांगल्या, शिकलेल्या, सज्जन माणसांच्या तोंडून ऐकतो आणि दरवेळी अस्वस्थ होतो.

सरकारचा कुठलाही नियम घ्या, त्याच्या टोकाला सक्ती असतेच. दंड भरला नाही तर नोटीस, नोटिसीला दाद दिली नाही तर वॉरंट, आणि तरी ऐकलं नाही तर पोलिस येऊन हाताला धरून नेणार. हे वाईटच आहे असं मी म्हणत नाही, ही ताकद कुणाकडे तरी पाहिजेच, नाहीतर ज्याच्या हातात काठी तोच सरकार होईल. पण ती देताना किती दिली, कशासाठी दिली आणि परत कधी घ्यायची हे तेव्हाच ठरलं पाहिजे, कारण एकदा दिलेली ताकद आपणहून परत करणारं सरकार फार क्वचित सापडतं, मग पक्ष कुठलाही असो.

ब्रिटनचं उदाहरण बघा. 1939 मध्ये महायुद्धासाठी तिथे प्रत्येकाला ओळखपत्र दिलं. युद्ध 1945 ला संपलं, पण कार्ड चालूच राहिलं आणि पोलिस भलत्याच कामांसाठी ते मागायला लागले. डिसेंबर 1950 मध्ये क्लॅरेन्स विलकॉक नावाच्या एका साध्या माणसाला लंडनमध्ये गाडी चालवताना पोलिसाने अडवून कार्ड मागितलं, त्याने दाखवायला सरळ नकार दिला. केस वर गेली, कायदा अजून लागू असल्यामुळे तो 1951 मध्ये हरला, पण शिक्षा काही झाली नाही, उलट न्यायाधीश गॉडर्ड यांनीच सुनावलं की युद्धाच्या सुरक्षेसाठी केलेला कायदा असा रोजच्या कामाला वापरला तर कायदा पाळणारी माणसंच कायदा मोडायला लागतील. फेब्रुवारी 1952 मध्ये ती कार्डं बंद झाली. एका माणसाने विचारलं म्हणून हा विषय पुढे आला, नाहीतर किती वर्षं चाललं असतं कुणास ठाऊक.

आता आपल्याकडे. राज्यघटना लागू होऊन महिना झाला होता, फेब्रुवारी 1950, आणि संसदेत प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा आला, म्हणजे गुन्हा केला म्हणून नाही तर पुढे करेल या संशयावर माणसाला आत टाकायचं. सरदार पटेलांनी मांडलेला, हेतूबद्दल शंका घ्यावी असा माणूस नाही आणि तेव्हाची परिस्थितीही खरंच कठीण होती. मुदत होती साधारण वर्षभराची, पण ती वाढत वाढत 1969 च्या शेवटापर्यंत गेली. मग दीडेक वर्षाने 1971 ला मिसा म्हणजे अंतर्गत सुरक्षा कायदा आला, तोही तसाच स्थानबद्धतेचा, आणीबाणीत तो कुणाकुणावर वापरला हे सांगायला नको, तो रद्द झाला आणि 1980 ला राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला, ज्यात खटला न चालवता 12 महिन्यांपर्यंत आत ठेवता येतं आणि ज्याला संपायची तारीखच नाही. स्थानबद्धतेला पुरेसं कारण आहे की नाही हे तपासणाऱ्या सल्लागार मंडळापुढे वकील मिळण्याचा हक्कही नाही. मग ज्याने काही केलं नाही त्याने आपण काही केलं नाही हे सांगायचं कुणाला आणि कसं?

कोर्ट आहे ना असं कुणी म्हणेल. एप्रिल 1976 मध्ये सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला की आणीबाणीत अटक बेकायदा असली तरी दाद मागता येणार नाही. विरोधात एकटे न्यायमूर्ती खन्ना होते आणि पुढे सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दुसऱ्याला दिलं. तो निकाल चुकीचा होता हे कोर्टाने स्पष्ट म्हणायला 2017 उजाडलं, म्हणजे 41 वर्षं. आत बसलेल्या माणसाला 41 वर्षांनी मिळालेल्या न्यायाचा काय उपयोग.

एक गोष्ट तर मला वाचून पटेचना, परत परत तपासली. आणीबाणीनंतर 1978 मध्ये 44 वी घटनादुरुस्ती झाली, तिच्यामुळे आणीबाणी चालू ठेवायला दर सहा महिन्यांनी संसदेची मंजुरी लागते आणि जगण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येत नाही, फार मोलाचं काम झालं. पण त्याच दुरुस्तीत सल्लागार मंडळाच्या मताशिवाय स्थानबद्ध ठेवायची मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणणारं कलम होतं. संसदेने पास केलं. ते लागू करायची तारीख सरकारने ठरवायची होती आणि त्यानंतर इतक्या पक्षांची सरकारं आली गेली, एकानेही ती तारीख जाहीर केली नाही! विरोधात असताना स्वातंत्र्यावर भाषणं करणारेही त्यात आले.

निवडून दिलंय मग करू द्या की, हेही नेहमीचं. मत देणं म्हणजे पाच वर्षं कारभार करायला सांगणं, कोऱ्या कागदावर सही करून देणं नाही. शिवाय आज तुमच्या आवडीच्या माणसाच्या हातात जो कायदा आहे तोच उद्या तुम्हाला न आवडणाऱ्याच्या हातात जाणार आहे, शब्द न शब्द तोच.

माझी आपल्या पेपरला एक विनंती आहे. असा कुठलाही कायदा येईल तेव्हा बातमीसोबत एक छोटी चौकट द्या, त्यात तीनच गोष्टी: खटल्याशिवाय किती दिवस आत ठेवता येतं, पकडलेल्याने दाद कुठे मागायची, आणि कायद्याची मुदत कधी संपते. मुदतच नसेल तर तसं स्पष्ट छापा, आणि आपल्या भागातल्या खासदार-आमदारांना फोन करून का नाही ते विचारा.

आपला,
एक नियमित वाचक