माजं जातं कुठं गेलं?

कोल्हापूर,
रविवार, रात्रीचा दीड

प्रिय भावा,

दीड वर्ष झालं, तुला पत्र नाही की धड फोन नाही. दिवाळीत तुझे दोन मिस्ड कॉल पडले होते. ते बघितले आणि परत फोन करायचा राहून गेला, कारण तेव्हा प्रचारगीतांचं काम चालू होतं आणि उमेदवाराची माणसं रात्री एकला खोलीत येऊन बसायची. हे कारण पुरेसं नाही, मला कळतं. राग धरला असशील तर भेटल्यावर काढ. आईचे गुडघे तसेच आहेत, माझी शुगर बरी आहे.

आज लिहायला बसलोय ते एका गोष्टीसाठी. दुसऱ्या कुणाला सांगितली तर तो म्हणेल, एवढं काय त्यात. तू तसं म्हणणार नाहीस. १४ सेंटांवरून, म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातल्या चौदांवरून, माझ्याशी तीन आठवडे अबोला धरणारा माणूस या जगात तूच आहेस.

मुंबईच्या एका कंपनीचं काम आलं. जात्यावरच्या ओव्या, आठ गाणी, खाली इलेक्ट्रॉनिक बीट. रेकॉर्डिंगपासून मास्टरपर्यंत, म्हणजे शेवटच्या पक्क्या फाइलपर्यंत, सगळं माझ्याकडे. गाण्याला ८,००० प्रमाणे ६४,०००, निम्मे आगाऊ. टीडीएस कापून २८,८०० खात्यावर पडले आणि त्याच दिवशी राजारामपुरीतल्या खोलीचं थकलेलं भाडं भागवलं. या धंद्याचं वर्ष कसं जातं ते तू बघितलंयस. चैत्रात जोतिबाची गाणी, गणपतीत मंडळांचे ट्रॅक, नवरात्रात अंबाबाई, शिवजयंतीला पोवाडे. मधल्या महिन्यांत काम थांबतं, भाडं थांबत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर आलेलं असलं काम कोण सोडतो?

ओव्या म्हणणारी आजी राधानगरीकडच्या एका वाडीतली, सत्तरी ओलांडलेली. पंखा बंद केला, फ्रीजची पिन काढली. एक माईक तिच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर, दुसरा जात्याजवळ. एक पाय दुमडून, दुसरा लांब पसरून ती बसली. उजव्या हातात खुंटा, डाव्या हातानं नाचणी वैरायची. भावा, तू तिथं असायला हवा होतास. मूठ आत पडली की दगड जड होतो, फेरा किंचित रेंगाळतो आणि ओवीचा शेवटचा शब्द त्या फेऱ्याबरोबर लांबतो. दळण सरत आलं की फेरा हलका होतो आणि ओवी पळायला लागते. तिची लय जात्याच्या पोटात आहे. दोन तास मी हेडफोन काढला नाही.

मग कंपनीचा निरोप आला. सगळं मिनिटाला ९२ ठोक्यांच्या टेम्पोवर बसवा, म्हणजे बीट लागेल. आवाज सुरात करा. जात्याची घरघर काढून टाका.

आणि मी ते केलं. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागलेत.

तिचा आवाज मेलोडाइनमध्ये, त्या सूर दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडला. प्रत्येक स्वर पडद्यावर एकेक गोळा होऊन दिसतो, तुला मी दाखवलंय. तिचा गांधार शुद्ध गांधाराच्या रेषेखाली ३५-४० सेंट. कोमल म्हणावा तर वर, शुद्ध म्हणावा तर खाली. मी पुढची ओवी बघितली, त्याच्या पुढची बघितली. आठही ओव्यांत गांधार त्याच जागेवर! चुकून लागलेला स्वर एकदा वर जाईल, एकदा खाली. हा हलत नव्हता. माझा हात तिथंच थांबायला हवा होता. रात्रीचे तीन वाजले होते, सकाळी रफ मिक्स पाठवायचा होता. सगळे गोळे निवडले आणि रेषेवर चढवले.

तेव्हा देवल क्लबच्या, इथल्या गाण्याच्या संस्थेच्या, बाहेरचं आपलं भांडण आठवलं. २०११चा पावसाळा, दोघं भिजलेले, तुझ्या खांद्यावर तंबोरा आणि माझी छत्री तंबोऱ्यावर धरलेली. तू म्हणालास, षड्जाची तार नीट जुळली आणि जवारी, तारेचा तो झणकार, चांगली निघाली की तारेतून गांधार आपोआप बोलतो. तो षड्जापासून ३८६ सेंटांवर असतो, पेटीचा ४००वर. रेडिओनं १९४० साली पेटी बंद केली ती उगाच नाही. मी म्हणालो, १४ सेंट ऐकू येणारा माणूस दाखव, आयुष्यभर चहा माझ्याकडून. तू तंबोरा उचलून चालत मिरजेला निघालास. पन्नास किलोमीटर, आणि ते पण पावसात! आपल्या दोस्तानं, पैलवानानं, शिरोली नाक्यावर गाठून तुला मागं आणलं नसतं तर तुझा तंबोरा पंचगंगेच्या पाण्यावरच बोलला असता.

तर भावा, तो चहा मी तुला देणं लागतो.

गेल्या रविवारी वाडीवर गेलो. नातीनं फोनवर मिक्स लावला. आजीनं डोळे मिटून पहिली ओवी ऐकली आणि नातीला विचारलं, "ही कोन गं? बरी म्हनतीय." मी म्हटलं, आजी, तुम्हीच की. ती हसली, फोन कानाला लावून पुन्हा ऐकलं, आणि मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आन् माजं जातं कुठं गेलं?"

ती रागावली नाही. चहा दिला. निघताना नाचणीचं पीठ बांधून दिलं, त्याच जात्यावर दळलेलं. ते पीठ अजून माझ्या कन्सोलशेजारी आहे, घरी न्यायचा धीर होत नाही.

करार मीच तिला वाचून दाखवला होता. सगळे हक्क कंपनीचे, तिला एकदाच पैसे. तिनं विचारलं, "आयनं शिकिवल्यात ह्या, तिचं नाव येनार का?" मी म्हटलं, बघतो. तू मागं एकदा हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या ओव्यांबद्दल रात्रभर बोलला होतास. लाखाच्या वर ओव्या, आणि कुणी म्हटली, कुठल्या गावची, तेही टिपलेलं. माझ्या सेशनमध्ये ट्रॅकचं नाव आहे 'फिमेल फोक ०१'. ते मीच टाईप केलंय.

त्या रविवारपासून रोज रात्री बसतोय. आठही गाणी पहिल्यापासून उघडली. ९२चा टेम्पो काढला आणि जात्याचा एकेक फेरा कानानं ऐकून हातानं खुणा केल्या. आता बीट तिच्यामागून चालतो. ती मूठ वैरते तिथं ढोलही थांबतो. गांधार तिचा तिला परत दिला. जात्याचा माईक उघडला, फक्त ४० हर्ट्झच्या खालचा गाळ काढला. सगळं नीट बसलंय, हे मी खात्रीनं सांगतो. सिंथचा, बीटमधल्या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा, गांधार तिच्या गांधाराशी भांडत होता, म्हणून सिंथमधून तो स्वरच काढून टाकला. खाली फक्त षड्ज-पंचम ठेवला. तुझा तंबोरा मला तिथं लई आठवला.

उद्या दहा वाजता मास्टर पाठवायचेत. कंपनीच्या माणसाला फोनवर थोडंसं सुचवून बघितलं. तो म्हणाला, ऐकणाऱ्याला एवढं कळत नाही. २०११ला मी हेच म्हणालो होतो, त्यामुळं त्याच्यावर चिडताही येईना. नवीन मिक्स नाकारला तर उरलेले ३२,००० गेले, आणि आगाऊ दिलेले परत मागितले तर ते माझ्याकडं नाहीत. जूनमध्ये पोराची फी आहे. बायकोनं काल हिशेब मांडला आणि न बोलता वही माझ्यासमोर ठेवली. आजीच्या नावाचंही लिहिणार आहे, तिच्या आणि तिच्या आईच्या. त्यावर ते काय म्हणतील कुणास ठाऊक.

तुझी नागपूरला बदली झाल्याचं पैलवानाकडून कळलं. उन्हात हिंडू नकोस. लेकीची दहावी कशी गेली? वहिनींना नमस्कार. तंबोरा तिकडं नेलास की मिरजेलाच आहे?

मेलबरोबर एकाच ओवीच्या दोन फाइली आहेत. कुठली कुठली ते लिहिलं नाही. फोनच्या स्पीकरवर ऐकू नकोस, हेडफोन लाव. दुसऱ्या मिनिटाला मूठ पडते, तिथं नीट ऐक. आणि सकाळी दहाच्या आत फोन कर, मी जागाच आहे.

तुझाच