रविवारच्या बैठकीची आठवण

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला डेक्कनवर नेहमीच्या जागी बैठक आहे. विषय इंटरनॅशनल चॅलेंज ट्रॉफी, म्हणजे युरोपातल्या युवा आणि सेमी-प्रो (अर्धव्यावसायिक) राष्ट्रीय संघांची फुटबॉल स्पर्धा. वर्ल्ड कपच्या गदारोळात हिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, म्हणूनच आपण मुद्दाम हा विषय घेतोय.

चर्चा मुख्यतः ‘इंग्लंड सी’ संघावर होईल. १९७४ साली इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने हौशी आणि व्यावसायिक खेळाडू हा भेद संपवला आणि १९७९ मध्ये हा सेमी-प्रो संघ उभा राहिला. पाचव्या श्रेणीतल्या नॅशनल लीगमधले आणि त्याखालच्या क्लबांतले खेळाडू यात निवडले जातात. यातले कित्येकजण दिवसा नोकरी करतात, संध्याकाळी सरावाला येतात आणि तरीही देशाची जर्सी घालतात! या स्पर्धेत त्यांच्यासमोर बेल्जियम, आयर्लंड अशा देशांचे २३ वर्षांखालचे तयार संघ असायचे.

पुण्यात ऑफिस, क्लास सांभाळून रोज मैदान गाठणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे ऐकायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. पालकांनी त्यांना नक्की आणावं.

येणाऱ्यांनी शनिवारी दुपारपर्यंत ग्रुपवर नाव टाकावं, खुर्च्यांची सोय करायची आहे. लकडी पुलाजवळ पार्किंग मिळत नाही, शक्यतो बसने किंवा मेट्रोने या. वेळेवर सुरू करू.

– चिटणीस