सम-विषम

बेळगाव, रविवार

चि. मीनूस अनेक आशीर्वाद,

फोन तू ठेवलास की रेंज गेली, ते मी विचारणार नाही. दादा नुसतं ‘हॅलो’ म्हणाला आणि पलीकडचा आवाज बंद झाला. त्यानंतर आईने कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायला विसरली. घराचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय.

तू गेल्यापासून तुझ्या विद्यापीठाविषयी वाचतोय. ३१ वर्षं वाचनालयात काढलेला माणूस, दुसरं काय करणार? १४२५ मध्ये पोपच्या आज्ञेने बेल्जियममधल्या ल्यूव्हन गावात ते सुरू झालं. १९१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मन सैन्याने तिथलं ग्रंथालय जाळलं, सुमारे ३ लाख पुस्तकं गेली. पुन्हा उभं केलं, तर १९४० मध्ये पुन्हा जळालं. इथवर वाचून चष्मा काढला आणि अंगणात फेरी मारून आलो.

पण खरं टोचलं ते पुढचं. १९६२ मध्ये बेल्जियमने भाषेची सीमा आखली आणि ल्यूव्हन डच बोलणाऱ्या फ्लेमिश बाजूला गेलं, विद्यापीठात मात्र फ्रेंचमधूनही शिकवत. मग फ्लेमिश पोरं रस्त्यावर, ‘वॉलोन लोकांनो (म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्यांनो), चालते व्हा!’ १९६८ मध्ये त्यावरून सरकार पडलं. आपल्या गावाला हे काय नवीन? आजोबा सीमासत्याग्रहात हिंडलग्याच्या तुरुंगात होते, ते असते तर पहिल्यांदा फ्लेमिश पोरांचीच बाजू घेतली असती. आपल्या गावात आपली भाषा, यात चूक काय? मलाही पटतं. नंतर मनात येतं, ज्यांना ‘निघा’ म्हटलं त्यांच्यातल्या कितीजणांचा तर जन्मच तिथला असेल.

विद्यापीठ दोन झालं, आणि ग्रंथालयाचीही वाटणी झाली. बरीच पुस्तकं क्रमांक बघून वाटली म्हणे: विषम क्रमांक ल्यूव्हनला, सम क्रमांक फ्रेंचवाल्यांना. मीनू, शेजारी शेजारी उभी राहिलेली पुस्तकं! दाखलनोंदीचं रजिस्टर हातात घेऊन असं कुणी माझ्यासमोर केलं असतं तर मी कपाटाला मिठीच मारली असती. वाटणी करणाऱ्यांना ते न्यायाचंच वाटलं असणार. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही.

‘माझा हिस्सा वेगळा काढून ठेवा’ हे तुझं वाक्यही हिशेबाने बरोबरच आहे. दादाने खानापूर रोडच्या घराचं गिऱ्हाईक तुला न विचारता आणलं, ही त्याची चूक, मी त्याला तसं सांगितलंही. पण वेगळा काढा? लहानपणी कुंद्याची वडी तू दोरा लावून अर्धी करायचीस आणि दादा स्वतःच्या अर्ध्यातला तुकडा मोडून तुझ्या ताटात टाकायचा. तेव्हा कसं चालायचं?

बघ, काढलाच विषय. राहू दे. तू २४ वर्षांची आहेस, बापाच्या कीर्तनाची गरज नाही.

तर, तुझं गाव, लूव्हॅं-ला-नव्ह, म्हणजे नवं ल्यूव्हन. जुन्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, फ्रेंचवाल्यांच्या विद्यापीठासाठी शेतजमिनीवर उभं केलेलं. १९७१ मध्ये पायाभरणी, १९७२ मध्ये पहिले विद्यार्थी, तेही तुझ्यासारखे इंजिनिअरिंगवालेच. वैद्यकवाले तेवढे ब्रुसेल्सकडे गेले. वर माणसं चालतात आणि मोटारी, रेल्वे खाली स्लॅबच्या पोटात, हे तू सांगितलंस तेव्हा मला खोटं वाटलं होतं. आणि ते तळं म्हणजे गावावर पडणाऱ्या पावसाचं पाणी साठवायची सोय! हे तू इतक्या ऐटीत समजावलंस की मी शेजारच्या देशपांड्यांना दोनदा ऐकवलं. ते विचारत होते, मुलगी कधी येणार. मी म्हटलं, येईल. पुण्याच्या फ्रेंचच्या क्लासात सत्तरला ‘साठ-दहा’ म्हणायला शिकवलं आणि तिथे सरळ ‘सेप्टांत’ म्हणतात, हेही सांगितलं. त्यांना काही कळलं नाही, मला मात्र बरं वाटलं.

त्या दोन ग्रंथालयांतली माणसं एकमेकांना पुस्तकं देतात का गं? वाचक एका गावी आणि हवा असलेला क्रमांक दुसऱ्या गावी, असं झालं तर काय करतात? तुझ्या ग्रंथपालांना विचारून कळव. खरंच हवंय मला. आणि दादाला एक फोन कर. घराचं बोलू नकोस, पावसाचं बोल.

थंडीत कान झाकत जा. काकूचे टाके काढले, ती बरी आहे.

मेतकूट आणि आंब्याचं लोणचं पाठवलंय. कुंदा दुधाचा, तो तिकडे चालत नाही म्हणे. पार्सलवरचं अक्षर ओळखशील. मी सांगितलं नव्हतं त्याला, स्वतःच पेन घेऊन बसला. तुझा पिनकोड त्याला पाठ होता.

तुझा,
बाबा